वरला वारा

माय, आज दुपारी ऑफिसच्या गच्चीवर गेले तर आभाळात तुझे ते ढग होते. पिंजलेल्या कापसाचे धागे कुणी ओढत न्यावेत तसे, मावळतीकडून उगवतीकडे चाललेले. खाली वारा मात्र उलटा, उगवतीचा. मी आता शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला लिहून पाठवते, हे तुला सांगायचं राहिलंच. तू म्हणाली असतीस, 'आभाय देखाना बी पगार भेटस का?' तू तर ते फुकटच करायचीस.

नंदुरबारच्या पथारीवर, जिथे ओली लाल मिरची मोकळ्या रानात पसरून वाळवतात, तू दिवसभर मिरची उलटवायचीस. हातांची आग मला लागू नये म्हणून मनगटाने माझं डोकं थोपटायचीस. दुपार कलली की मुकादम एवढ्या बायांमधून तुलाच विचारायचा, 'काय म्हनस आभाय?' तू वर बघायचीस, आणि तू म्हणालीस तरच ताडपत्र्या निघायच्या. तेव्हा मला केवढा तोरा असायचा! एकदा मी शाळेच्या पुस्तकातून वाचून दाखवलं, 'पाऊस लहरी असतो.' तू खो खो हसलीस. 'लहरी मानूस राहास, बेटा. पानीना रस्ता राहास.'

तो रस्ता मला फार उशिरा दिसला, नकाशावर. तुझे ते ढग असतात तिथे, खूप उंचावर, वाऱ्याची एक नदीच पृथ्वीभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. ती सरळ जात नाही, तापीसारखी वळणं घेते. पृथ्वी फिरते ना, म्हणून उत्तरेला भरकटलेला वारा पुन्हा दक्षिणेला वळतो, मग पुन्हा वर. एकेक वळण हजारो किलोमीटरचं. हिवाळ्यात एखादं वळण आपल्याकडे खोल उतरलं की त्याच्या पुढची हवा वर उचलली जाते, समुद्राकडची ओल तिला मिळते आणि आपल्याकडे मावठा पडतो. वळण पुढे सरकलं की ऊन. ते अडून बसलं तर थंडीही मुक्काम ठोकते. या वळणांना शास्त्रात लहरीच म्हणतात, गंमत बघ. पण तुला हे कसं कळलं होतं? कुणी शिकवलं, की नुसतं बघून बघून? हे विचारायला हवं होतं, आणि तू होतीस तेव्हा मला सुचलं नाही.

तो दिवस मात्र अजून तसाच समोर आहे. तू कमरेवर हात ठेवून वर बघतेस. 'खाले एक वारा, वर दुसरा. आज झाकनं पडी.' मी तुझा पदर ओढते आणि म्हणते, हिवाळ्यात मावळतीकडून पाऊस येतच नाही, पुस्तकात आहे. तू थबकतेस. 'पुस्तकमा लिखेल शे?' मी मान डोलावते. तुला अक्षर येत नव्हतं, पण पुस्तकाला चुकून पाय लागला तरी तू नमस्कार करायचीस. तू मुकादमाला सांगितलंस, आज काही नाही. पहाटे पाऊस आला. सगळी मिरची भिजली, पुढे काळी पडली. त्यानंतर मुकादम स्वतःच वर बघायचा, तुला त्याने परत कधी विचारलं नाही. तूही खाली मान घालून मिरची उलटवत राहिलीस. माझं नाव तू कुणाला सांगितलं नाहीस. मला एवढंच म्हणालीस, 'पुस्तक बी चुकस व्हई.'

आत्ताच एका पथारीवरून फोन आला होता, ताई, काय म्हणतं आभाळ? मी म्हटलं, झाका.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, ड्रॉवरमध्येच राहील. पण पुस्तकावरचा आळ तेवढा काढायला हवा. पुस्तक चुकलं नव्हतं, माय. पुस्तकात तसं काही नव्हतंच. ताडपत्र्या घालत बसलो तर संध्याकाळची एसटी चुकली असती, आणि मला सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे बघायचे होते.