शूटिंगचा फोटो

भंडारदरा, २० एप्रिल २०२५

तीर्थरूप अक्कास,
कानिफचा सप्रेम सलाम. आधी सा. न. वि. वि. लिहायचो, आता आमच्यात सलाम म्हणतात. हसू नको.

पत्र शेजारच्या बनुबाईच्या पत्त्यावर टाकतोय, कारण तुझा मोबाईल तुझ्याआधी दाजी वाचतात. इथं धरणाकाठी पर्यटकांचे तंबू लावायचं काम मिळालंय. नाशिकचं सोडलं, त्याआधीचं टेम्पोवरचंही सोडलं, तू मोजत बसू नको. माणसं पैसे देऊन जमिनीवर झोपतात अन् सकाळी पाठ दुखली म्हणून आमच्याशी भांडतात.

हां, मुद्दा राहिलाच. मी बाप्तिस्मा घेतला. धरणाच्या पाण्यात, हात वर करून. फोटो स्टेटसला ठेवलाय. मी दारूत पडलो होतो तेव्हा येशूनं उचललं, मग त्याची ओळख सांगायला लाजायचं कशाला? अश्विनीच्या लग्नात मामा म्हणून तिच्या पाठीशी मीच उभा राहणार. साडी घेऊन ठेवलीय.

धर्म बदलला म्हणून लोभ बदलू नये.
तुझा कानिफ


शेवगाव, २९ एप्रिल २०२५

चि. कानिफ यास,
अनेक आशीर्वाद. सलाम वाचून हसले न्हाई, रडले.

तुझा फोटो अश्विनीच्या चुलतसासऱ्यानं, अमृतरावांनी बघितला. त्यांनी दाजींना विचारलं की पोरीचा मामा बाटलाय का. दाजींची बोबडी वळली. म्हणाले, छे, तिकडं पिच्चरचं शूटिंग चालतं, आमचा मेहुणा त्यात काम करतो. अमृतराव हसले अन् दुसरा चहा मागितला.

आता तुला एवढंच करायचंय. लग्नात कुणी विचारलं तर व्हय म्हणायचं. एक शब्द. तेवढ्यानं तुझ्या येशूचं काय कमी होतंय? आता लग्न मोडलं तर पोरीकडं पुन्हा कोण बघंल? न आलास तरी चर्चा होणार, तवा ये, अन् दाढी करून ये.

राग गिळून लोभ करणारी,
रोहिणीअक्का


भंडारदरा, २४ मे २०२५

तीर्थरूप अक्कास,
सप्रेम सलाम. लग्नाहून आल्यापासून काजवे बघणाऱ्यांची गर्दी आहे, जेवायला वेळ नाही. ते असो.

पंगत बसली तेव्हा तू आत अश्विनीजवळ होतीस, म्हणून लिहितो. अमृतरावांनी मला हिरो म्हणून हाक मारली अन् कंचा पिच्चर म्हणून विचारलं. मी तुझा शब्द पाळला, वर पिच्चरचं नावही ठोकून दिलं. तेवढ्यावर भागायला हवं होतं. पण ते म्हणाले, सीन करून दाखव. वाढप्यांनी बादल्या खाली ठेवल्या. मी उभा राहिलो, डोळे मिटले, हात वर केले. पाण्यात केले होते अगदी तसेच. अख्खी पंगत हसली. दाजींनी टाळ्या वाजवल्या. अन् अक्का, मीही हसलो.

आता रविवारी प्रार्थनेत हात वर जात नाहीत. येशूला ओळखतो म्हणून गावभर सांगत फिरलो, अन् एका माणसानं जिलेबी खाता खाता विचारलं तर त्याचाच तमाशा करून दाखवला.

मी अश्विनीच्या सासरी, राहुरीला जाऊन अमृतरावांना खरं सांगणार. सांगतो अन् निघतो, गोव्याकडं काम आहे म्हणतात. तू अश्विनीला आधी सांगून ठेव.

आहे तेवढा लोभ असू दे.
कानिफ


शेवगाव, २ जून २०२५

कानिफ,
चि. लिहायचं होतं, हात उचलला न्हाई.

तू खरं सांगशील अन् गोव्याला जाशील. ऐकून घ्यायला पोरगी उरंल. तुझं मन हलकं व्हावं म्हणून तिनं जन्मभर बोलणी खायची व्हय? आई अंथरुणाला खिळली तवाबी तू जाऊन येतो म्हणून गेल्तास. तिचं अंग मी पुसलं.

तुझा येशू मला ठाऊक न्हाई. पर तूच सांगायचास, मारायला आले तरी तो पळाला न्हाई. तू तर एका कामावर पावसाळा काढला न्हाईस. सांगायचंच असंल तर सांग, पर मग तिथंच ऱ्हा, पोरीच्या सासरच्या गावात. तिच्याआधी तू शिव्या खा. जमत न्हाई तर तोंड शिव अन् कुठंबी जा.

अश्विनीला मी सांगितलं. मग म्हणाली, मामा पाठीशी उभा व्हता की मागं लपला व्हता?

रोहिणी


भाड्याची खोली, मार्केट यार्डामागे, राहुरी
२९ जून २०२५

तीर्थरूप अक्कास,
सलाम.

सांगितलं. अमृतरावांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. दाजींना खोटारडे म्हणाले, मला त्याहून वाईट. गोव्याला गेलो नाही. यार्डात कांद्याच्या गोण्या उचलतो. हमाल मला बाटग्या म्हणून हाक मारतात, मी ओ देतो. इथली प्रार्थना लहानशी आहे, पत्र्याखाली. हात अजून वर जात नाहीत, पण बसतो. बसायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. येशू कोण ते आता कुठं थोडं कळतंय, अन् ते काही गोड नाही.

काल बाजारात अश्विनी दिसली, नवऱ्याबरोबर, सासूही होती. मी हाक मारली नाही, तिला त्रास नको म्हणून. तिनंच माझ्याकडं पाहिलं. सासूनं विचारलं, हा तुझा मामा ना? अश्विनी म्हणाली, मी याला ओळखत न्हाई. अन् भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेऊन पुढं गेली.

वाईट वाटलं नाही म्हणालो तर पुन्हा खोटं बोलल्यासारखं होईल. तिला रागावू नको. असं बोलल्यावर आत काय होतं ते मला माहीत आहे.

लोभ ठेव असं म्हणत नाही. वरचा पत्ता लिहून घे, तो बदलणार नाही.
कानिफ