मांजर, बाय आणि माझी गोधडी

३ जानेवारी
बाय आली. लांज्याहून गाडी थेट दारात. भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुनेच्या पायावर पाणी घातलं, मग आत घेतली. चौथा महिना संपत आला पोरीचा. कपाळ ह्यांचं, डोळे माझे, पण ते कुणी कबूल करत नाही.
सायली, आमची सून, मागून उतरली. हातात झाकणाची टोपली. म्हटलं आईने डिंकाचे लाडू दिले असतील. झाकण उघडलंन तर आतून मांजर. पांढरं, वर चहा सांडल्यासारखे डाग. लांज्याला बाळंतपणात पाळलेलं, त्याचं नाव परी. पोरीचं नाव ओवी आणि मांजराचं परी. मी पोरीला बायच म्हणणार. मांजराचं नाव ह्या वहीत येणार नाही, नुसतं मां. लिहीन. सायलीचं सा. माझी शाळा चौथीपर्यंत, जास्त लिहिलं की मनगट धरतं.
वही प्रशांतने बोटीवर जाताना दिलीन. आई, ओवीचं रोज लिहून ठेव, आलो की वाचीन. आता ओवीचं कमी नि मां.चंच जास्त होणार असं दिसतंय.

५ जाने.
प्रशांतने मागवलेला पाळणा आला. पाळणा कसला, चारी बाजूंनी लाकडी दांडे, कोंबड्यांचं खुराडं. ह्यांनी दिवसभर बसून जोडला, दोन स्क्रू उरले. कुठले ते कळत नाही म्हणे. मी दोन्ही हातांनी हलवून पाहिला, मजबूत आहे.
आत माझी गोधडी घातली. बारशाला लांज्याला पाठवलेली तीच. माझ्या पाच जुन्या लुगड्यांची, शिवताना डोळे गेले माझे. बाय तिच्यावर ठेवली की दोन मिनिटांत झोपते.

६ जाने.
सकाळी बायला तेल लावलं, धुरी दिली, झोपवली. तांदूळ धुऊन येते तर मां. आत. बायच्या पोटाला पाठ लावून, पाय वर करून स्वतःला चाटतंय. कुठे चाटतंय ते लिहीत नाही. मग तीच जीभ घेऊन बायच्या मुठीकडे.  फडकं फेकून मारलं. बाय दचकून रडली, सा. धावत आली आणि मलाच म्हणते, आई, हळू ना.

७ जाने.
बायच्या ओठावर केस. पांढरा. काढला तर दुसरा जिभेवर. दुपारचं जेवण गेलं नाही. ह्यांनी माझ्या वाटणीचा बांगडा मां.ला घातला. नवरा असा.

८ जाने.
आज स्पष्ट बोलले. मांजर घरात नको, बंदरावर सोडून येऊ, तिथे खाऊन खाऊन फुटेल. सा. वरण ढवळत होती, ढवळत राहिली. मग म्हणाली, "आई, डोळे उघडले नव्हते तेव्हापासून कापसाने दूध पाजलंय तिला. तुमचा मुलगा नऊ नऊ महिने बोटीवर. रात्री माझ्याजवळ कोण असतं, हीच. ती गेली तर मी पण ओवीला घेऊन लांज्याला."
आवाज चढवलान नाही. म्हणूनच जास्त लागलं. आताशा तर पोर आलीय. ओळखायला लागलीय मला, पदर धरते.
हे ओटीवरून म्हणाले, "मां.ला घराची नाही, पाळण्याची बंदी कर." ठरलं. मां. घरात राहील, पाळण्यात नाही. ते बघायचं काम माझं.

१० जाने.
मच्छरदाणी बांधली पाळण्यावर, चारी कोपरे घट्ट. भाजी चिरायला बसले. बाय खुदुखुदू हसतेय. बघते तर मां. वर, मच्छरदाणीत झोळी करून. खाली बाय, वर त्याचं पोट, मध्ये वीतभर जागा. फाटली असती तर तोंडावर. मी ओरडून सा.ला बोलावलं. सा.चा पण चेहरा उतरला, एवढं खरं. तिनेच मच्छरदाणी सोडलीन.

१२ जाने.
लिंबाची सालं ठेवा, मांजरं पळतात, असं शेजारच्या हमीदाभाभी म्हणाल्या. त्यांच्याकडे चार आहेत, ताटाशेजारी बसतात, त्यांना किळस नाही. ठेवली. मां. सालं हुंगून ओलांडून आत गेलं. ह्यांनी मात्र वासाने लोणचं मागितलंन.
लोणच्यावरून आठवलं, बरणीला बुरशी धरलीय, उन्हात ठेवायची.

१३ जाने.
आज हद्द. पाळण्यात पालीची शेपटी. तुटलेली, वळवळणारी. मां. शेजारी बसून माझ्याकडे असं बघतंय की जसं काय आहेर आणलान. बायच्या पायापासून चार बोटं. चिमट्याने उचलली, चिमटा पण टाकून दिला. पोरीला दुसऱ्यांदा आंघोळ घातली, मग मी केली. अजून अंगावर काहीतरी वळवळतंय असं वाटतं.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ केला, पाक जरा पुढे गेला, ह्यांची कवळी अडकली. प्रशांतचा फोन, चित्र दिसणारा. बायला बघितलंन, मग म्हणतो, "परी कुठाय, दाखव." मी फोन चुलीकडे फिरवला. म्हटलं दिसत नाही बाबा, रेंज नाही.

१८ जाने.
बायचं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, काय दिसत होती. बोरं, चुरमुरे डोक्यावरून ओतले तर रडली नाही, एक बोर मुठीत धरून ठेवलंन. वाडीतली पोरं तुटून पडली. विहीणबाई लांज्याहून आल्या, लोकरीचं पांघरूण घेऊन. गुलाबी. वर सशाचे कान.
सगळं झाल्यावर बायला पाळण्यात ठेवली, मां. आलंच. सगळ्या बायका बघतायत. मी हाकललं, पुन्हा आलं. विहीणबाई हसत हसत म्हणाल्या, "त्याची काय चूक ओ विहीणबाई. त्याला वाटतं पाटी उतरलीय."
मला आधी कळलंच नाही. मग हमीदाभाभींनी मान खाली घातली, तेव्हा कळलं.
तीस वर्षं बाजारात सुक्या मासळीची पाटी घेऊन बसले. सोडे, बोंबील, सुकट. त्याच लुगड्यांची गोधडी.

१९ जाने.
काही लिहायचं नाही.
गोधडी रिठ्यात भिजत घातली.

२० जाने.
दिवसभर कातळावर वाळवली. उन्हाने ताठ झाली. नाक लावून बघितलं. उन्हाचा वास, रिठ्याचा वास. तिसरा मला येत नाही. येणार कसा, माझ्या नाकाला तीस वर्षांत तो वास असा राहिलाच नाही.
ह्यांना विचारलं. ह्यांनी हुंगलीन, म्हणाले, "मला तर तुझा वास येतो." म्हटलं, म्हणजे कसला. तर ओटीवर जाऊन बसले.

२१ जाने.
मी पण काही कच्ची नाही. सा. बायला घेऊन डोस द्यायला गेली तेव्हा बघितलं करून. पडवीत एका बाजूला गोधडी घातली, दुसऱ्या बाजूला ते सशाचं पांघरूण. दाराआड उभी राहिले. मां. आलं. पांघरुणाकडे बघितलंनसुद्धा नाही. गोधडीवर जाऊन पुढचे पाय एकाआड एक दाबतंय, कणीक मळल्यासारखं. आणि लाळ गाळत होतं. माझ्या टाक्यांवर लाळ.
म्हणजे विहीणबाई खरं बोलल्या. हे सगळ्यात वाईट.

२२ जाने.
सा.ला विचारलंच. पोळ्या लाटत होती. म्हटलं, खरं सांग, वास येतो?
"येतो थोडा."
"मग बोलली नाहीस."
"लग्न होऊन आले तेव्हा सगळ्याच घराला यायचा आई. आता नाही कळत. परीला कळतो. लांज्याला पण गोधडी आली त्या दिवसापासूनच ती पाळण्यात शिरायला लागली."
तिकडे पण. आणि मी समजत होते की मांजरच वाईट वळणाचं.
मग पोळी उलटत म्हणाली, "ओवीला पण कळतो. म्हणूनच झोपते."

२३ जाने.
गोधडी काढली. सशाचं पांघरूण घातलं. मां. पाळण्याकडे फिरकलं नाही. बायसुद्धा झोपली नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. पाठ उचलून उचलून रडते. पांघरूण घामाने भिजवलंन. मां. ओटीवर ह्यांच्या मांडीवर घोरतंय.

२४ जाने.
तेच. सा.च्या डोळ्यांखाली काळं. "चार दिवस लांज्याला जाऊन येऊ का, तिकडे आई असते मदतीला," म्हणाली. भांडून नाही, दमून. मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांब.

२५ जाने.
हे म्हणाले, "अगो, पाच लुगडी आहेत ना. पाचही नेसून बाजारात बसलीस काय?" नाही की. दोन तरी घरात नेसायची. तीस वर्षांत पहिल्यांदा कामाचं बोलले.
उसवायला बसले. टाके एवढे बारीक, स्वतःलाच शिव्या घातल्या. वरचं हिरवं, ते बाजारातलं, पाटीची चुंबळ त्याचीच करायची. त्याखाली जांभळं, तेही. पिवळं प्रशांतच्या वेळचं, त्यात त्याला बांधून फिरवलाय. निळं आठवत नाही. सगळ्यात आत चॉकलेटी, माझ्या आईचं. हे मी घातलं होतं ते विसरलेच होते. किती तरी वेळ मांडीवर घेऊन बसले. दुपारचा चहा राहिला.

२६ जाने.
सोमवार. पाचही लुगडी पडवीत घातली, ओळीने. ज्यावर मां. बसेल ते बाद, उरतील त्यांची पुन्हा शिवायची. हे खुर्ची टाकून बसले, जसा काय कबड्डीचा सामना. सा. भिंतीला टेकून. मी बायला थोपटून पाळण्यात नुसत्या गादीवर ठेवून आले.
मां. आलं. हिरव्यावर थांबलं. म्हटलं, बरोबर. पण हिरव्यावरून पुढे गेलं. जांभळं हुंगलंन, पुढे. पिवळ्याशी म्हटलं, ह्यावर नको. तेही ओलांडलंन. निळं, चॉकलेटी, सगळी. आणि सरळ आत गेलं.
आम्ही तिघं मागे. मां. पाळण्यात, नुसत्या गादीवर, बायच्या झबल्यात तोंड खुपसून. चाटतंय. शिसारी आली.
"आता इथे गोधडी कुठाय?" हे म्हणाले.
 मग सा. हळूच म्हणाली, "आई, आता थोपटलंत ना तुम्ही तिला. सकाळी कोलंबी सोललीत."
मी हात धुतले होते. साबणाने. दोनदा. पुन्हा जाऊन राखेने घासले, मग लिंबाने. नाकाशी धरले. मला काही येत नाही.
सा. म्हणाली, "एक दिवस बघूया का? तुम्ही हात नका लावू, मी तेल लावीन, मी झोपवीन. म्हणजे कळेल तरी." बरं म्हणजे लांज्याचं नाव काढलंन नाही.
मी हात पदराला पुसत राहिले.  हे खाली बघून कवळी चाचपत होते.
तेवढ्यात चुलीवरचं दूध वर यायला लागलं. सा. बायला घेऊन उभी होती, सवयीने माझ्याकडे पुढे केलीन, "धरा हो जरा." बाय दोन्ही हात टाकून झेपावली. मी हात पदरात गुंडाळून तशीच उभी. सा. पण तशीच, मग तिला स्वतःचंच बोलणं आठवलं असावं.
दूध उतू गेलं.