शैला कुंदा नावाची बाई

१० सप्टेंबर, बुधवार

कुंदाकडे, कॅम्पात. तीनला पोचले. दोघींनी रुमालांच्या कडांना लेस विणली. माझ्या दोन कडा झाल्या, तिची एकच, पण सुईकामाच्या सिस्टरांनी वर्गभर फिरवून दाखवली असती अशी. शाळेत असतानाही असंच व्हायचं.

तिने बाल्कनीतली उंच खुर्ची माझ्यासाठी आत आणून ठेवली होती. आम्ही कायम खाली सतरंजीवर बसतो. म्हणाली, "सतरंजी धुवायला टाकलीय." बरं झालं. आज गुडघा जागा होता. तिला गुडघ्याचं काही बोललेले नाही. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. ते तिला कळलं तर बुधवारी कॅम्पात येणंच बंद करायला लावेल.

घरी येऊन फोन उघडला तर बुटांची जाहिरात. आतून लोकर लावलेले, बर्फात चालायचे. पुण्यात पाठीला घामाने ब्लाउज चिकटतोय आणि जाहिरातवाल्यांना बूट विकायचेत.

११ सप्टेंबर, गुरुवार

सायली आज घरूनच काम करत होती. सून म्हणून आली तेव्हा अमरावतीचं बोलणं चांगलं खणखणीत होतं, हिंजवडीच्या ऑफिसाने निम्मं नेलं. तिचं काम लोकांना जाहिराती दाखवायचं, म्हणून बुटांची तक्रार तिच्याकडेच केली.

"तुमचं खातं बघू आई." बघितलं. मग हसायला लागली, थांबेचना.

त्यात हसण्यासारखं काय ते मला आत्ता कळलं. शाळेच्या मैत्रिणींचा फोटोंचा गट निघाला तेव्हा कुंदा आणि मी मिळून एकच खातं उघडलं. फोटो तेच, मैत्रिणी त्याच, दोन कशाला. पहिलं नाव विचारलं तिथे माझं लिहिलं, आडनाव विचारलं तिथे तिचं. शैला कुंदा. मैत्रिणींना खाली शै. किंवा कुं. बघून कळतं कोण बोलतंय. कंपनीला ते कसं कळणार.

"म्हणजे तिकडे शैला कुंदा नावाची एक बाई आहे," सायली म्हणाली. "एकाच वेळी कोथरूडला असते न् कॅम्पात असते. तिला शुगर आहे, गुडघेदुखी आहे, चष्म्याचे दोन नंबर आहेत. अशी बाई मी नाही पाहिली बापा."

मी विचारलं, हे सगळं फुकट देतात ते त्यांना परवडतं कसं. तर म्हणाली, तुम्ही पान उघडलं की त्यातल्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो. कोणी चपलांसाठी बोली लावतं, कोणी गाद्यांसाठी. जास्त बोलीवाल्याची जाहिरात दिसते आणि पैसे साइटला जातात. सगळं पापणी लवायच्या आत. तिच्या कंपनीत ती गाद्यांच्या बाजूने बोली लावते.

"माझ्यासाठी कोण लावणार बोली?"

"तुमच्यासाठी तर भांडतात आई. स्वतःचं घर, पेन्शन, दुपारी मोकळा वेळ. तुम्ही फार महाग पडता आम्हाला."

माझ्यासाठी कोणी भांडतंय हे पंचविशीत कळलं असतं तर केस जरा नीट विंचरले असते. असो.

पण बूट का? म्हणाली, त्या बाईने शोधले असतील. नाहीतर बघत थांबली असेल. नुसतं थांबलं तरी मोजतात.

मी काही थांबले नव्हते.

१५ सप्टेंबर, सोमवार

बूट, लोकरीचे आतले कपडे, ज्येष्ठांसाठी परदेश प्रवासाचा विमा. आणि आज सकाळी, "कॅम्प परिसरातील आपला फ्लॅट योग्य भावात विकून देऊ".

चहा गार झाला.

कुंदाचा मंदार कॅनडात आहे. दर फोनला आईला बोलावतो आणि कुंदा दर वेळी म्हणते, तिकडच्या थंडीत माझी हाडं कोण सांभाळणार. आजवर ह्यावर हसून विषय संपायचा.

म्हणजे या वेळी जातेय. कायमची जातेय, नाहीतर फ्लॅट कशाला विकेल. आणि मला बोललेली नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

गेले. उंच खुर्ची तिथेच. सतरंजी अजून धुवायला. कुंदाने खजूर घालून बिनसाखरेचा केक केला होता. मऊ नव्हता. दोघींनी दोनदा घेतला.

एकदा दोरा ओढता ओढता म्हणाली, "मंदार फार मागे लागलाय हल्ली." मी मान वर केली. तर म्हणाली, "तुझा फास सैल झालाय बघ." खरंच झाला होता. उसवून परत घातला. मंदारचा विषय तिथेच राहिला.

येताना मोठा कुकर दिला. "मला एकटीला काय करायचाय." रिक्षात मांडीवर घेऊन बसले. जड आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

सायली म्हणते, "विचारून टाका ना सरळ. तुमच्या वेळचे लोक इतकं मनात कसं काय ठेवतात?"

वेळेचा प्रश्न नाही. आमच्यात तसंच आहे. शाळेत कुंदाचे वडील गेले तेव्हा दोन दिवस मी तिला काही विचारलं नाही, फक्त डबा दोघींचा आणला. हे आजारी होते तेव्हा तिनेही कधी रिपोर्ट विचारले नाहीत. संध्याकाळी यायची, ह्यांना पेपर वाचून दाखवायची, त्यातल्या चुका काढायची, आणि जायची. जिचं दुःख तिने बोलायचं, दुसरीने जवळ असायचं. आता विचारलं तर तिला उत्तर द्यावं लागेल. आणि मी विचारलं ते "जाऊ नको" म्हणण्यासाठीच, हे तिला आवाजावरून कळेल. आईने मुलाकडे जाऊ नये असं मी कोण सांगणार?

हे गेल्यापासून ह्यांची खोली रिकामी आहे. पुस्तकं हलवली तर पलंग सहज मावेल. पूर्वेची खिडकी. मुलगा निखिल आणि सायलीची काही हरकत नसेल, सायली तर गादीही कमी भावात आणेल. खिडक्यांना जाळ्या आहेत, पण कुंदाला त्यांचा उपयोग नाही. ती मच्छरदाणीशिवाय झोपत नाही. शाळेच्या सहलीला महाबळेश्वरच्या कडाक्याच्या थंडीत तिने ट्रंकेतून मच्छरदाणी काढली होती. सिस्टर म्हणाल्या, इथे डास नाहीत, चाइल्ड. कुंदा म्हणाली, "नसू देत, सिस्टर." आणि बांधली. मी शेजारच्या कॉटवरून तिला आत बसलेली बघत होते. मला त्या जाळीत गुदमरायला होतं. तिला घरी आल्यासारखं वाटतं म्हणे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

एक वेडेपणा केला. इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे सांगणार.

दुपारभर फोनवर पलंग बघत बसले. एकेरी पलंग, सागवानी. पलंगाशेजारचं छोटं टेबल. पूर्वेच्या खिडकीला पडदे. प्रत्येकावर थांबले, सायलीने सांगितलं तसं. शैला कुंदाला एक खोली लावायचीय हे त्यांना एकदा पटलं की ते कुंदालाही पलंग दाखवणार.

मला तोंडाने म्हणता येत नाही. ते म्हणतील. नाहीतरी त्यांचा धंदाच तो.

२४ सप्टेंबर, बुधवार

कुंदाने फोन करून आज येऊ नको म्हटलं. कोणीतरी फ्लॅट बघायला येणार असं स्पष्ट बोलली नाही, "जरा माणसं यायचीत" म्हणाली.

उरलेली लेस घरीच केली. फास सगळे घट्ट.

१ ऑक्टोबर, बुधवार

सगळं लिहायला हवं, जसं आठवतं तसं.

चहा झाला. कुंदा दोरा गुंडाळत म्हणाली, "सायलीला काही आहे का गं?"

"काय?"

"गोड बातमी. खोली लावतेयस ना? आठवडाभर मला पलंगच पलंग. पण एवढे मोठे पलंग बाळाला कशाला, हे काही कळेना."

मी म्हटलं, बाळाला नाहीत.

"मग?"

"तुला बर्फाचे बूट कशाला लागतात?"

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मग ती म्हणाली, "लागला तुला एवढा वेळ? मी रोज सकाळी ते बूट उघडून बसत होते. एक तर इतके कुरूप. मला वाटलं, विचारशील."

तिला ठाऊक होतं. गणपतीला आमच्याकडे आली होती, तेव्हा तिने सायलीला विचारलं होतं की मला गुडघ्याचे पट्टे का दाखवतात, माझे गुडघे तर ठणठणीत आहेत. सायलीने खात्याचं सगळं समजावलं. पोरगी मला एका शब्दाने बोलली नाही. कुंदानेच सांगू नकोस म्हटलं होतं.

"तुझा गुडघा तू मला कधी सांगितलास?" कुंदा म्हणाली. "पट्टे, मग तेलं, मग ऑपरेशनची हॉस्पिटलं. खुर्ची काय मी हौसेने आत आणली? सतरंजी धुतलेली आहे, कपाटात आहे."

"आणि जाणं मला बोलली नाहीस."

"तोंडाने सांगवेना. म्हटलं, ते सांगतील."

मग दोघी रडलो, थोडं. मग ती म्हणाली, "पलंग सागवानी नको. उगाच महाग."

मी विचारलं, म्हणजे येशील? तर म्हणाली, "मी लाकडाबद्दल बोलले."

२ ऑक्टोबर, दसरा

ठरलं ते असं. मंदारकडे सहा महिने राहून बघायचं. त्याने फ्लॅट विकायची घाई केली होती, कारण तिथे आईला कायमचं ठेवायचं तर कागद लवकर सुरू करावे लागतात म्हणे. कुंदाने विकणं तूर्त थांबवलं. किल्ली माझ्याकडे. सहा महिन्यांनी बघू. मंदार वाईट नाही. आई एकटी आहे ह्या काळजीने त्याला तिकडे झोप येत नाही, हे त्याने मलाही फोनवर सांगितलं. "मावशी, तुम्ही तरी तिला समजवा." मी हो म्हटलं. समजावलं नाही.

सोनं द्यायला कुंदा आली होती. ह्यांच्या खोलीत डोकावली. "पुस्तकं फार आहेत," एवढंच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कुंदा गेली. पहाटेच्या गाडीने मुंबईला, तिथून विमान. निरोपाला खाली उतरू नकोस म्हणाली, गुडघा. उतरले. बूट हातातच घेऊन चालली होती, बॅगेत मावले नाहीत.

दुपारचे तीन वाजले तेव्हा लेस काढली. ठेवली.

१० डिसेंबर, बुधवार

जाहिराती आता विलक्षण. अंगणातला बर्फ उपसायची फावडी, नातवंडांसाठी घसरगाड्या, कुठल्याशा चर्चचा नाताळ. सायली म्हणते, शैला कुंदाने ऑफिसात तिचं डोकं फिरवलंय. ती बाई कोथरूडला सुरळीच्या वड्या मागवते आणि दुसऱ्या टोकाला बर्फ उपसते, त्या बाईवर बोली लावायची कशी?

मी म्हटलं, दोन्हीकडून लाव.

मला त्या जाहिराती आवडायला लागल्यात. कुंदा फोनवर "मजेत आहे" एवढंच म्हणते. फावड्यांवरून कळतं की बर्फ पडलाय. आज खोकल्याचं औषध होतं. लगेच फोन केला. "कसं कळलं?" म्हणाली, आणि स्वतःच हसली.

७ जानेवारी, बुधवार

मंदारने विचारलंय. कागद सुरू करायचे का, मार्चपर्यंत सांग. कुंदाने फोनवर मला हे अगदी बातम्या देतात तशा आवाजात सांगितलं. तिथे नात तिला लेस शिकव म्हणून मागे लागते. सून चांगली आहे. घर उबदार आहे. सगळं चांगलं आहे.

मी म्हटलं, चांगलं आहे ना मग.

"हो. चांगलंच आहे."

गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत करायचं ठरवलं. तिला सांगितलं, या वेळी तोंडाने. म्हणाली, "हॉस्पिटल तेच का, हिरव्या पाटीचं? मला रोज दिसतं."

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी कुंदाचा निरोप. तिळगुळाचा फोटो, वड्या जरा करपलेल्या. खाली "गोड बोल".

दुपारी खातं उघडलं. फावडी, घसरगाडी, आणि मध्येच मच्छरदाणी. एकेरी पलंगाची, चारी बाजूंनी दोऱ्या, पांढरी किंवा फिकट निळी, पुण्यात घरपोच.

मी नाही शोधली. आमच्या खिडक्यांना जाळ्या आहेत. सायलीला विचारलं, माझ्या फोनवर तू बघितलीस का. "मी कशाला बघू आई?" मग तिने स्वतः फोनचा पडदा खालीवर करून पाहिला आणि फोन परत माझ्या हातात दिला. तिकडे शून्याच्या खाली वीस आहे. डास कुठून येणार.

कदाचित कुंदा सहज थांबली असेल. महाबळेश्वर आठवलं असेल. बाईमाणूस जुन्या वस्तूवर थांबतं, त्याला काही अर्थ असतोच असं नाही. विचारायचं नाही हे मी ठरवलंय. सहा महिने तिचे आहेत.

पण ह्यांच्या खोलीत गेले, टेप घेऊन. पलंग आणलेला नाही, त्याच्या जागेचंच माप घेतलं. चार कोपऱ्यांना खिळे ठोकावे लागतील. उत्तरेच्या भिंतीत कपाट आडवं येतं.

मग परत फोन उघडला आणि त्या मच्छरदाणीवर थांबले. निळीवर जास्त.