आठवं रीळ शेवटी लावल्याबद्दल

मी, चित्रपटगृहाचा ऑपरेटर, वय एकाहत्तर, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो. डोक्याबद्दल मालकांचं मत वेगळं आहे, पण त्यांनी ते लेखी दिलेलं नाही.

१. राहतं घर, दोन खोल्या, गळक्या नळासह माझ्या मुलीला. नळ दुरुस्त केला असं मी तिला अकरा वेळा सांगितलं आहे. ते खरं नाही. बँकेत जे काही असेल तेही तिलाच.

२. धाकट्या भावाला माझी छत्री. "दादा, तोच तोच चित्रपट काय दाखवतोस?" असं म्हणून त्याने मला जन्मभर टोचलं आणि दर रविवारी फुकटात पहिल्या रांगेत बसला. छत्री मोडकी आहे.

३. चित्रपटाची तेरा रिळं. मालकांनी ती पगारवाढीऐवजी माझ्या नावे केली, म्हणून खुलासा करतो. चित्रपट गाण्यांचा, अगदी दिलखुलास. फक्त नवव्या रिळात नायिकेचे वडील वारतात. एकतीस वर्षांपूर्वी, पहिल्याच खेळाला, आठवं रीळ मी चुकून शेवटी लावलं. त्यात वडील जिन्यावरून नाचत उतरतात. म्हणजे वडील गेले, सगळे रडले, मुलीचं लग्न झालं आणि वडील नाचत आले. टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली.

मालकांनी मला काढून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः योग्य क्रमाने खेळ लावला. लोकांनी खुर्च्या मोडल्या. "बाबा कुठे आहेत?" असं ओरडत ते तिकीट खिडकीवर धावून गेले. संध्याकाळी मालक मला घ्यायला घरी आले. तेव्हापासून दर रविवारी दुपारी हाच खेळ, याच क्रमाने. दातांचे डॉक्टर त्या वेळी दवाखाना बंद ठेवतात. दाढ ठणकणारी माणसंही इथेच असतात. मेलेला माणूस परत कसा आला, हे एकानेही विचारलेलं नाही. डोअरकीपर म्हणतो, "विचारायचंय कशाला? आले ना?"

४. विचारणारी एकच, माझी मुलगी. ती नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. पुढच्या रविवारी तिच्याजवळ थांबायला कोणी नव्हतं, म्हणून मी तिला प्रोजेक्टरच्या खोलीत बसवलं. तिने भिंतीतल्या झरोक्यातून सगळा चित्रपट पाहिला. शेवटी विचारलं, "बाबा, आईचं रीळ कधी लावणार?"

मी म्हणालो, "लावू."

त्यानंतर तिने तो चित्रपट पुन्हा पाहिला नाही. आता ती म्हणते, "तुमच्यानंतर मी रिळांचा क्रम सरळ करणार." मालक हात जोडून सांगतात, रिळं तिला देऊ नका. वकीलसाहेबही तेच म्हणतात. तेही दर रविवारी येतात.

५. तरीही सर्व रिळं तिलाच द्यावीत. क्रम तिने ठरवावा. लोक खुर्च्या मोडतील, मोडू द्या.

पोरी, तू रडू नयेस म्हणून मी "लावू" म्हणालो. ते रीळ माझ्याकडे कधीच नव्हतं. हे तुला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून दोन साक्षीदारांसमोर सांगतो.

सही: ऑपरेटर

साक्षीदार:
तिकीट खिडकीवरच्या बाई (सही डोळे पुसून केली आहे)
डोअरकीपर (खुर्च्यांच्या मुद्द्यावर हरकत नोंदवून)

ठिकाण: प्रोजेक्टरची खोली
तारीख: नऊ नोव्हेंबर, रविवार, खेळ सुरू होण्याआधी