काउंटर हलणार नाही

७ जानेवारी २०२५, मंगळवार, सकाळी
नव्या वर्षाचा संकल्प: राग सोडणे. कोणाबद्दल मनात काही ठेवायचं नाही. वय अठ्ठावन्न, त्यात बीपी.

७ जानेवारी, दुपारी १२
संकल्प रद्द.
कार्यकारिणीचं पत्र आलं. मी, धोंडिराम साळवे, भांडुपच्या या वाचनालयाचा एकतीस वर्षं ग्रंथपाल, आजपासून 'वाचक सुविधा सहायक'. म्हणजे काय ते पत्र लिहिणाऱ्यालाही माहीत नसावं. आणि ग्रंथपाल कोण? शीतल. वय सव्वीस. हुद्दा 'डिजिटल ग्रंथपाल'. आमचे कार्यवाह चंद्रप्रकाश मोहिते म्हणाले, साळवे, जग बदललं, सभासद आता घरबसल्या मोबाइलवर पुस्तक शोधणार. मी विचारलं, आणि माझा देवघेवीचा काउंटर? म्हणाले, तिथे टच स्क्रीन. मग माझं तोंड बघून म्हणाले, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा दिनी उद्घाटन करू, पुढे महिनाभर ट्रायल. लोकांना आपली आपण पुस्तकं सापडली नाहीत तर काउंटर जिथल्या तिथे.
म्हणजे लोकांना पुस्तकं सापडता कामा नयेत. बस. काउंटर हलणार नाही.
वहीच्या मागच्या पानावर 'बघून घ्यायची यादी' सुरू केली. १) शीतल. २) मोहिते.

८ जानेवारी, बुधवार
सुतार येऊन काउंटर मोजून गेला. सहा फूट बाय दोन. मी बसलेला असताना. वर म्हणतो, पाय जरा तिकडं घ्या ना. यादीत ३).

९ जानेवारी, गुरुवार
शीतलशी एक शब्दही बोलायचा नाही, असं ठरवलं. ११ वाजेपर्यंत पाळलं. मग माझ्या फोनवर ओटीपी येईना. तिने दोन मिनिटांत लावून दिलं. हे बोलणं धरलेलं नाही, तांत्रिक होतं.

११ जानेवारी, शनिवार
हत्यार स्वतःहून हातात आलं!
शीतल म्हणाली, सर, नावं आणि लेखक मी दाखलनोंद वहीतून भरलेत, पण प्रत्येक कादंबरीला शोधशब्द हवेत. कोणी काही टाईप केलं की पुस्तक समोर आलं पाहिजे. हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही, सर. तुम्ही फोनमध्ये नुसतं बोला, टाईप तो करेल. कादंबऱ्या दोन हजार तीनशे.
मी म्हटलं, करतो की. इतक्या गोड आवाजात म्हटलं की हुशार असती तर घाबरली असती.
योजना अशी. शास्त्राप्रमाणे शोधशब्द असतो 'सामाजिक', 'ऐतिहासिक', 'कौटुंबिक'. मी यातलं एकही अक्षर भरणार नाही. मी कचरा भरणार. सभासद काउंटरला रेलून जी बडबड करतात ती जशीच्या तशी. एकतीस वर्षांत एकाने मला पुस्तकाचं नाव धड सांगितलेलं नाही. ते लाल कव्हरचं द्या. ते विहिरीवालं. त्यातली बाई शेवटी कोकणात जाते ते. असला माल मशीनच्या पोटात गेला की मशीनची वाट लागली. मग येतील सगळे रांगेत माझ्यासमोर, आणि मी चष्मा पुसत बसेन.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत
शीतलने तिळाच्या वड्या आणल्या. शत्रूचं खायचं नाही असं ठरलेलं आहे. तीन खाल्ल्या. गूळ चांगला होता, त्यात तिचं काय कर्तृत्व? गोड बोला म्हणाली. मी काहीच बोललो नाही.
आजची कामगिरी, नमुन्यादाखल:
दाखल क्रमांक ४४१: कुत्रा मरतो. आधी सांगायला हवं होतं असं तिघे भांडून गेलेत.
७०३: शेवटचं पान कोणीतरी फाडलंय. खुनी दिवाणजी.
९५२: हे ते नव्हे. ते ९५४.
१३१०: सासूला देऊ नये.
परत ऐकताना मला स्वतःलाच हसू आवरेना. सत्यानाश.

२२ जानेवारी, बुधवार
दिवसाला सत्तर पुस्तकं चाललीत. आयुष्यात इतकं काम केलेलं नाही. 'घटस्फोट' म्हटलं की फोन 'घट स्पोर्ट' लिहितो. सुधारलं नाही. फोनही माझ्या बाजूने आहे.
घरी कमल म्हणाली, अहो, माझ्याशी दोन शब्द बोलत नाही आणि त्या फोनशी संध्याकाळभर काय गुलुगुलु? मी म्हटलं, सूड घेतोय. म्हणाली, घ्या, पण आधी कोथिंबीर आणा.
यादीत कमलचं नाव घातलं. कोथिंबीर आणल्यावर खोडलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
शीतलने पहिल्या हजार पुस्तकांचे शोधशब्द वाचले. मी मुद्दाम समोर वर्तमानपत्र धरून बसलो होतो, तिचा चेहरा पडताना बघायला. डोळे पुसत आली. म्हणाली, सर, हे काय झकास केलंय तुम्ही! आम्हाला डिग्रीला कोणी असलं शिकवलंच नाही हो. एवढं हसले की पाणी आलं डोळ्यांतून.
हसून पाणी आलं म्हणे. घाबरलेलं माणूस मला लगेच कळतं.
तिने फक्त 'घट स्पोर्ट' सुधारलं. बाकी सगळं तसंच ठेवलं. मूर्ख मुलगी.

२३ फेब्रुवारी, रविवार
मोहीम फत्ते. डोक्यातलं होतं नव्हतं ते सगळं ओतलं. डोकं एकदम हलकं वाटतंय. बीपी एकशेतीस ऐंशी. डॉक्टरने कारण विचारलं. गुप्त आहे म्हणालो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
उद्घाटन. मोहिते अर्धा तास बोलले. माझ्या वाट्याला 'साळवेंचंही सहकार्य लाभलं'. या 'ही'बद्दल यादीत त्यांच्या नावाखाली दोन रेघा मारल्या.
पहिला मान ज्युलिया टीचरना. वय चौऱ्याहत्तर, शाळेतून रिटायर होऊन जमाना झाला, गावठाणातून रोज चालत येतात आणि खुनाशिवाय काही वाचत नाहीत. आता बघा मजा, असं मी मनात म्हटलं. टीचरनी स्क्रीनवर एका बोटाने टाईप केलं: म्हातारी खून करते. चार पुस्तकं आली. टीचर ओरडल्या, काय रे धोंडिराम, हे चौथं इतकी वर्षं कुठे दडवलंस तू? सगळा हॉल हसला.
नोंद: लोक शीतलला हसले.

११ मार्च, मंगळवार
सकाळी ९ ते १ काउंटरवर एकच माणूस आला. चार्जिंगचा पॉइंट कुठे आहे, विचारून गेला. सगळे त्या स्क्रीनपाशी घोळका करून उभे होते. गोंधळलेत बिचारे. अजून पंधरा दिवस, मग माझ्याकडेच यायचं आहे.
एका बाईंनी 'सासूला देऊ नये' टाईप केलं आणि ते पुस्तक खास सासूसाठी नेलं. माझा शब्द असा उलटा वापरतात. यादीत त्या बाईंचं नाव घालायचं होतं, आठवलं नाही.

१८ मार्च, मंगळवार
मोहित्यांनी जाता जाता विचारलं, साळवे, ते कुत्रा मरतो ते कुठलं हो? तोंडाशी होतं. पाणी पिऊन येतो म्हटलं आणि कूलरपाशी फोनमध्ये बघितलं. ४४१. मला माहीतच होतं. फक्त खात्री केली.

२७ मार्च, गुरुवार
ट्रायल संपली. महिन्याची देवघेव दुप्पट. मोहित्यांनी भर सभेत मला शाल घातली. म्हणाले, साळवेंनी आपलं सगळं ज्ञान स्वतःहून मशीनला दिलं, असं मन कोणाचं असतं? टाळ्या. शीतलला मुलुंड आणि जोगेश्वरीच्या वाचनालयांनी बोलावलंय, तिथेही 'साळवे पद्धत' करायची आहे.
सूड फसला असं वरवर बघणारा म्हणेल. मी म्हणतो, तो खोल गेलाय. वेळ लागतो अशा गोष्टींना.
शाल गरम आहे. मार्चमध्ये शाल घालणाऱ्यांना सोडणार नाही.

१ एप्रिल, मंगळवार
काउंटर हलला. तोच सुतार. सहा फुटी लाकूड जिन्यात वळेना, मला म्हणाला, साहेब, जरा त्या बाजूने धरा ना. धरलं. खाली टेम्पोपर्यंत धरलं. आज एक एप्रिल आहे, कोणीतरी हसून 'वापस न्या' म्हणेल, म्हणून टेम्पो जाईपर्यंत फुटपाथवर उभा राहिलो.
वर आलो तर लादीवर सहा बाय दोनचा उजळ चौकोन. रडू आलं. शीतलने पाणी आणून दिलं. तिला सांगितलं, लाकडाचा भुसा गेला डोळ्यांत.
माझी खुर्ची आता वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी.

८ एप्रिल, मंगळवार, दुपारी
आज ज्युलिया टीचर सरळ माझ्या खुर्चीपाशी आल्या. स्क्रीनपाशी गेल्याच नाहीत. म्हणाल्या, मशीनशी बोलून कंटाळले रे, तूच सांग. ते दोन बहिणींचं, शिलाई मशीन एकच असतं दोघींत, मग भांडतात. पूर्वी तू मला दिलेलंस.
महिनाभर याचीच वाट बघत होतो. मी चष्मा काढला, सावकाश पुसला. परत घातला.
काही आठवेना.
दोन बहिणी. शिलाई मशीन. कव्हरचा रंगसुद्धा नाही. आतून सगळं पुसून घेतल्यासारखं रिकामं. टीचर वाट बघत होत्या. म्हटलं, बसा टीचर, आलोच. कपाट नऊच्या मागे जाऊन फोन काढला आणि टाईप केलं: दोन बहिणी शिलाई मशीन. काही नाही. शिलाई. काही नाही. बहिणी भांडतात. सोळा आली, एकही ते नव्हे. तेव्हा लक्षात आलं, गुडघ्यामुळे मला वाकवत नव्हतं, म्हणून कपाटांच्या खालच्या रांगा भरायच्या मी सोडूनच दिल्या होत्या.
पुन्हा एकदा टाईप केलं. पडद्यावर मराठीत नीट अक्षरं आली. शीतलने घातली असणार, मला न विचारता: 'पुस्तक सापडत नाही? साळवे सरांना विचारा. वेळ सकाळी ९ ते १.'
सव्वाबारा वाजले होते.
ते वाचत किती वेळ उभा होतो कोण जाणे. बाहेर आलो तर टीचर खुर्चीत नव्हत्या. कपाट सहापाशी खाली लादीवर बसल्या होत्या, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आणि खालच्या रांगेतली पुस्तकं एकेक ओढून बघत होत्या. सापडलं. निळं कव्हर. एका हाताने कपाट धरून उठल्या, स्क्रीनपाशी जाऊन स्वतःच नोंद केली, पिशवीत टाकलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून थँक यू म्हणाल्या.
मी म्हटलं, काही लागलं तर विचारा.