सीट नंबर एक, आपल्या माणसासाठी

२ जून, सोमवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
आमच्या ट्रॅव्हल्सचं नांदेड–लातूर–पुणे बुकिंग आता एआय एजंट करणार. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर विचारणार, एजंट सॉफ्टवेअरमधली टूल्स स्वतः चालवणार. टूल्स तीन: सीट बघणे, सीट देणे, सीट रद्द करणे. कोणतं कधी, कसं वापरायचं हे त्याच्यासाठी लिहून द्यायचं काम व्यंकटराव शेठनी माझ्याकडे दिलं. बारा वर्षं काउंटर सांभाळतोय, दुसरं कोण लिहिणार? मनिषाने हात वर केला होता. दोन वर्षांपूर्वी लागलेली मुलगी. कौतुक वाटलं.
जमलं तर मागची एसी केबिन माझी. नावाची पाटी करायला टाकून आलो.

४ जून.
संकल्प: रोज दहा पानं. आज झालं: मुखपृष्ठ आणि मनोगत. शाळेतल्या निबंधस्पर्धेचा दुसरा नंबर ओघात आला.

७ जून.
रोज पाच पानं. दर्जा महत्त्वाचा. पहिल्या जीपपासूनचा इतिहास पूर्ण. मनिषाने विचारलं, सीट कशी द्यायची ते कधी येणार. म्हटलं, एजंट नवा आहे, आधी घराणं कळू दे.

१३ जून, शुक्रवार.
सत्तेचाळीस पानं. समाप्त. 'सीट देणे' पान ४४ वर, दोन ओळींत. 'पुढच्या खालच्या सीट १ व २ आपल्या माणसांसाठी ठेवाव्यात. बाकी परिस्थिती पाहून ठरवावे.' 'सीट रद्द करणे': 'गरज पडल्यास वापरावे.' समोरचा हुशार आहे, सगळं फोडून सांगणं म्हणजे त्याचा अपमान.
मनिषा म्हणे, आपला माणूस म्हणजे कोण ते लिहा. हसू आलं. बारा वर्षांत मला हे कोणी विचारलं नाही.

१६ जून, सोमवार. सकाळी ११.
एजंट सुरू. पहिलं गिऱ्हाईक किनवटचं. एजंटने त्याला जीपपासूनचा इतिहास सांगितला. तो रेल्वेने जातो म्हणाला. पण एजंटने सगळं वाचलंय! माझं लिहिलेलं आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी शेवटपर्यंत वाचलं. डोळे भरून आले.

दुपारी ३.
एजंट प्रत्येकाला अदबीने विचारून राहिला, 'आपण आमची माणसं आहात का?' मुरुडच्या एकाने लिहिलं, हाव. त्याला सीट एक. मग आणखी एकवीस जण हाव म्हणाले. नवा आपला माणूस आला की गरज पडल्यामुळे एजंट आधीच्याची सीट रद्द करतो.
न्हाई म्हणणारा आतापर्यंत एकच निघाला. शेठचे सासरे, बिलोलीचे सटवाजीमामा. अनोळखी मशिनशी नातं कशाला सांगायचं, म्हणून. त्यांना शेवटची वरची बर्थ. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

१७ जून.
मामांचा पुण्याहून शेठना फोन. मग शेठचं मला बोलावणं. मी म्हटलं, एजंटला माणसाची पारख नाही.
शेठ आवाज न चढवता म्हणाले, "आपला मानूस कोन, हे तुला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. त्याला कोन सांगायचं होतं, दयानंद?"
ओरडले असते तर बरं झालं असतं.

१९ जून.
मनिषाने काल दीड पानात नव्याने लिहिलं. 'सीट १ व २ फक्त खाली दिलेल्या सहा मोबाईल नंबरांना द्याव्यात. गिऱ्हाईकाने स्वतः सांगितल्याशिवाय कोणाची सीट रद्द करू नये. कळलं नाही तर अंदाज करू नये, काउंटरला विचारावे.' भाषेत काही लालित्य नाही. एजंट कालपासून एकदाही चुकला नाही. अर्थात पाया माझ्या सत्तेचाळीस पानांचा.

२३ जून, सोमवार.
केबिन मनिषाला. बरंच झालं, एसीने मला सर्दी होते. पाटी तयार असल्याचा फोन आला. उचलला नाही.
कोणतं काम कोणाकडे पाठवायचं, म्हणून एजंटला आता आमचीही माहिती हवी. ती मनिषाच लिहिते. माझ्यावर वेगळं प्रकरण लागेल, म्हटलं, प्रस्तावना मी देतो. ती म्हणाली, झालं की लिहून. चुका काढायला तिचंच पेन मागून घेतलं.
'दयानंद. रागावलेल्या किंवा घाबरलेल्या गिऱ्हाईकांशी बोलण्यासाठी. म्हातारी माणसं यांच्याशी बोलून लगेच शांत होतात. लिहिण्याच्या कामासाठी वापरू नये.'
तीनदा वाचलं. चूक सापडली नाही.
सव्वाअकराला एजंटने पहिलं काम पाठवलं. सटवाजीमामा, परतीचं तिकीट, संतापलेले. अर्धा तास बोललो. गुडघ्यांची चौकशी केली, चूक माझीच होती हे कबूल केलं, खालची सीट नंबर एक दिली. मामा हसायला लागले.
म्हणाले, "लई चांगलं समजावून सांगतूस रं. हे समदं लिहून का ठेवत न्हाईस?"
फोन ठेवला. पेन मनिषाला परत देऊन आलो.