रेघा खोडताना

३ फेब्रुवारी, मंगळवार

रिपोर्ट आला. पोटातली गाठ साधी नाही.

हे आत शर्टाची बटणं लावत होते, तेवढ्यात डॉक्टरांनी मला आणि लेकीला दाराबाहेर सांगून टाकलं. "ऑपरेशनमध्ये धोका आहे, न करण्यातही आहे. निर्णय त्यांचा हवा, सही त्यांची हवी. पुढच्या मंगळवारी त्यांना सगळं सांगूनच घेऊन या." लेकीने माझा दंड धरला — "आई, बाबांना इतक्यात नको. हाय खातील ते." मी मान डोलावली.

बाहेर आल्यावर यांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, अल्सर, पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय. धडधडीत खोटं! चौतीस वर्षांच्या संसारात चपलांची किंमत सोडली तर यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. "बरं," म्हणाले, आणि बस कितीची ते विचारलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

चर्चमधलं, मंडळीच्या पुस्तकांचं कपाट अकरा वर्षं माझ्याकडे आहे. कपाट यांनीच बनवलेलं, कुलूपही यांनीच बसवलेलं. दोन किल्ल्या — एक माझ्या पर्समध्ये, एक यांच्या सुतारकामाच्या खोलीत खिळ्याला. उपासना संपली की लोक येतात. मी तोंड बघते आणि पुस्तक काढून देते. घरात कोणी गेलं असेल तर निळं. नोकरी गेली तर 'तीस दिवसांचं'. मुलं बोलेनाशी झाली तर ते पिवळं, जाड. "अगदी हवं तेच दिलंत हो!" हे ऐकून ऐकून मी फुगले होते.

आज स्वतःसाठी कपाटासमोर उभी राहिले आणि हातच जाईना. यांना सांगायचं कसं, ते शिकवणारं एखादं असेलच ना? निळं उघडलं. पहिलीच ओळ — दुःख हा देवाने धाडलेला पाहुणा आहे. पाहुणा! मग जाणार कधी, तेही लिहायचं होतं! धाडकन मिटलं.

किती जणांच्या हातात कोंबलं मी हे. एकानेही माझ्या डोक्यात कसं घातलं नाही?

५ फेब्रुवारी, गुरुवार

"अल्सरला एवढ्या तपासण्या?" — हे, दाढी करता करता. मी म्हटलं, हल्ली असंच असतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन पुस्तकं घरी आणली. नावं दिसू नयेत म्हणून खाकी कव्हरं घातली. एकात माणूस चाळिसाव्या पानावर ठणठणीत बरा होतो. जे होत नाहीत, त्यांच्या बायकांनी कोणतं पान उघडायचं? दुसरं मरणाच्या तयारीचं. चार ओळी वाचल्या आणि पिशवीत कोंबलं. तेवढ्यात हे आलेच.

"एवढी पुस्तकं? कोणाचं काय झालं?"

"शिवण सुटलीय," मी म्हटलं. मी पुस्तकं घरी आणते ती दुरुस्तीलाच, हे यांना ठाऊक. झालं! सरस घेऊन बसले. पिशवीतून नेमकं तेच काढलं, मरणाच्या तयारीचं! कव्हर उतरवलं, धडधाकट पुस्तकाची पाठ पुन्हा चिकटवली, वर लाकडी ठोकळा ठेवला. नाव वाचलं असणारच. मी समोर बसून बघत राहिले. हसू येईना, रडूही येईना.

तिसरं उघडलंच नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

ते पातळ पुस्तक हवंय मला. एका बाईने लिहिलेलं — नवऱ्याचा आजार तिला आधी कळतो आणि मग ती त्याला कसं सांगते, एवढंच. मी ते फारसं कोणाला दिलं नाही. त्यात देव कमी आहे असं वाटायचं! आता तेच हवं, तर जागेवर नाही. वहीत नोंदही नाही. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "किल्ली तुमच्याकडे, आणि मला काय विचारता?"

प्रार्थनेला बसले. शेवटी म्हटलं, देवा, तूच सांग त्यांना. माझ्याने होत नाही. मला भीती वाटते. आजाराची वाटते, पण त्याहून जास्त त्यांचा चेहरा बघायची वाटते.

लेकीचा फोन. "सांगितलं नाहीस ना?" नाही गं बाई, नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

सापडलं! परतीच्या पेटीत, सगळ्यात वर. जीव भांड्यात पडला. उघडते तर पानोपानी पेन्सिलीच्या रेघा! कपाटाच्या दाराला आतून माझ्याच अक्षरातली चिठ्ठी आहे — पुस्तकांत खुणा करू नयेत. तरी लोक करतात आणि मी खोडते. अशी बरबटलेली पुस्तकं वाचवतच नाहीत मला.

घरी येऊन खोडरबर घेऊन बसले. ओळी वाचत नाही मी, नुसत्या रेघा बघते. वाचत बसलं की काम राहतं. पण या रेघा कसल्या जाड, काळ्याकुट्ट! पुसता पुसता पानभर फराटे. पुस्तक वाचलंय की नांगरलंय? बावीस पानं झाली आणि मनगट भरून आलं. उद्या उरलेलं खोडायचं, वाचायचं आणि मग बोलायचंच. परवा मंगळवार.

९ फेब्रुवारी, सोमवार

तेविसाव्या पानावर रबर टेकवलं आणि थांबले. सरळ रेघ, दोन्ही टोकांना बारीक फुली. फळी कापण्याआधी हे करतात ती खूण. चपट्या पेन्सिलीची. आणि समासात यांचं अक्षर — "आमचीही अशीच. एकटीच कुढत बसेल. मंगळवारच्या आत मीच विषय काढावा."

बावीस पानं पुसली मी! कुठल्या ओळीशी हे थांबले होते, काही म्हणजे काही उरलं नाही.

पलीकडच्या खोलीत रंधा चालू आहे. पुस्तक घेऊन जाते. रेघा कुठे कुठे होत्या, तेच विचारते.